म्हाळसाबाई आणि चांदीचं वेत

वालूरच्या शिवारात मेंढरं घेऊन उतरणाऱ्या धनगरांत म्हाळसाबाईचं नाव निघालं की बायका आधी पदर खोचायच्या आणि मग बोलायला लागायच्या. कुणाच्या सासूला तिनं विहिरीवर उलटं बोललेलं असायचं, कुणाच्या नवऱ्याला भर बाजारात लबाड म्हटलेलं असायचं. बाई उंच, हाडापेरानं रुंद, आणि आवाज असा की पल्याडच्या बांधावरचा माणूस मागं वळून बघायचा. तिला कुणी आवडत नव्हतं आणि तीही कुणाला आवडत नव्हती. माणसांपैकी म्हणतो मी. कुत्र्यांचं वेगळं होतं.

तिचा नवरा मुंजाजी हा तिचा आतेभाऊच. मामाची पोरगी करायची रीत, म्हणून ती गंगाखेडकडून अगदी लहानपणी या घरात आली. तीन लेकरं झाली, एकही हाताशी लागलं नाही. मधल्या पोराच्या पायात कधी बळच आलं नाही. बोलायला लागलं तरी ते मांडीवरच होतं, आणि एका हिवाळ्यात मांडीवरच गेलं. सासू बानूबाई जिवंत असेपर्यंत म्हणायची, हिची कूसच खोटी. जगाला उलटून बोलणारी म्हाळसाबाई या एका बोलण्याला मात्र कधी उत्तर द्यायची नाही. उठून मेंढरांत जाऊन बसायची.

रझाकाराच्या साली सगळ्यांचीच दाणादाण झाली. मुंजाजी आणि त्याचा धाकटा भाऊ रायभान मेंढरं हाकून म्हाळसाबाईसकट वऱ्हाडाच्या हद्दीत गेले. वाटेत निम्मी मेंढरं गेली, तट्टू गेलं, आणि कुत्री तर जवळजवळ सगळीच गेली. मुंजाजीच्या बापानं पाळलेली नसल होती ती. पांढरी, लांब तोंडाची, लांडग्याच्या अंगावर आवाज न करता जाणारी. पोलीस ॲक्शन होऊन घरी परतले तेव्हा त्या नसलीतलं एक कुत्रीचं पिल्लू तेवढं म्हाळसाबाईच्या घोंगडीत जिवंत होतं. तीच चांदी.

चांदी मोठी झाली ती आईसारखीच झाली. पहिल्या वेताला मुंजाजीनं तिला वालूरच्याच एका धनगराचा कुत्रा दाखवला. त्यातलं वाघ्या नावाचं एक पिल्लू हुबेहूब तिच्यावर गेलं, बाकीची बापावर, काळीबेंद्री. वाघ्यानं पहिल्याच थंडीत लांडग्याला मानेला धरून लोळवला. ती गोष्ट सोनपेठपर्यंत गेली. लोकांच्या बंदुका सरकारात जमा झालेल्या, चोऱ्या वाढलेल्या. ज्याचा शेतात आखाडा होता, म्हणजे गुराढोरांचं खोपट होतं, त्याला राखणीला असलं कुत्रं हवं झालं. मोठमोठे कुणबी मुंजाजीला बोलावून बाजेवर बसवायला लागले. ‘मुंजा, पुढच्या वेताला आमचं ध्यान ठेव,’ म्हणायला लागले. उभ्या आयुष्यात त्याला कुणी बाजेवर बसवलं नव्हतं. त्याची मान ताठ झाली.

मग चांदीला उसंत राहिली नाही. माजावर आली की गाभण, व्याली की पिल्लं दिवाळीच्या शिध्यासारखी वाटायची, दूध आटतं न आटतं तोच पुन्हा तेच. तिचे सड लोंबायला लागले, पाठीचा कणा वर आला. म्हाळसाबाई स्वतःच्या भाकरीतली भाकरी तिला घालायची आणि नवऱ्याला शिव्या घालायची. मुंजाजी हसायचा. त्याचं दुःख वेगळंच होतं. पिल्लं पांढरी पडत नव्हती. बाहेरचा कुत्रा दाखवला की नसल फुटायची. लोक पांढरं मागायचे, पोटातून निघायचं काळं.

शेवटी एका पावसाळ्याच्या अखेरीला त्यानं चांदीला खुंट्याला आखूड बांधली आणि तिच्याजवळ वाघ्याला आणलं. तिच्याच पोटच्याला.

म्हाळसाबाई पाणी घेऊन आली तेव्हा रायभान चांदीचं तोंड धरून उभा होता. तिनं घागर खाली ठेवली नाही, टाकलीच.

“काय करायलाव ओ तुमी?”

“दिसना का तुला?” मुंजाजी म्हणाला. “नसल राखायलाव.”

“त्यो लेक हाय तिचा.”

“कुत्र्याला कसली आई अन् कसला लेक! हाट मागं.”

“मग तोंड कामून धरलंय? सोडा की तिला. मनानं थांबली तर मी बी न्हाई बोलायची.”

रायभाननं वहिनीकडं बघितलं आणि त्याचा हात सैल पडला. चांदीनं मान फिरवून त्याच्या मनगटाचा लचका तोडला. मुंजाजीनं भावाला शिवी हासडली, स्वतः जाऊन कुत्रीचं तोंड दाव्यानं बांधलं, आणि जे करायचं ते करवलं. म्हाळसाबाई तिथंच उभी राहून मोठमोठ्यानं शिव्या देत होती. आसपासच्या धनगरांच्या वाड्यांवरची माणसं तमाशा बघायला बांधावर येऊन थांबली.

वेत झालं. पिल्लं सगळी पांढरी, कापसाच्या बोंडासारखी. मुंजाजी हरखून गेला. डोळे उघडून पिल्लं रांगायला लागली तसा सोनपेठचा माणिकराव बैलगाडी जोडून आला. मोठा शेतकरी. मुंजाजीची मेंढरं दर उन्हाळ्यात त्याच्याच रानात बसायची, लेंड्यांचं खत त्याला आणि ज्वारी यांना. त्याच्याबरोबर त्याची बायको कमलबाई होती. तिला पिल्लू आखाड्यावर नको होतं, वाड्यात हवं होतं, पांढरं आणि देखणं.

मुंजाजीनं घोंगडी अंथरली, पिल्लांचं डालगं आणून पालथं केलं. माणिकराव एकेका पिल्लाला मानगुटीला धरून उचलायचा, वर लोंबकळत ठेवायचा. केकाटलं की खाली, गप्प राहिलं की तोंड उघडून टाळू बघायचा. टाळू काळी असली की कुत्रं कडवं निघतं, असं लोक धरून चालतात. कमलबाईनं एक गुबगुबीत पिल्लू मांडीवर घेतलं होतं. ते केकाटत नव्हतं, दचकतही नव्हतं.

“हे बघा, किती शांत आहे,” ती म्हणाली. “हेच घेऊ.”

म्हाळसाबाई चुलीपाशी बसली होती. ती तिथूनच बोलली, “शांत न्हाई बाईसायब. त्येला ऐकूच येत न्हाई.”

मुंजाजीचा चेहरा उतरला. “गप बस गं! मालक, तिचं काय ऐकू नका. येडी हाय ती.”

“टाळी वाजवून बगा की त्येच्यामागं.” ती उठून पुढं आली. “अन् त्या कडच्याला चालवून बगा. मागचा पाय वढतंय. आन् मालक, इच्यारा ह्यास्नी, बाप कोण हाय ह्या पिलांचा? ह्यांचा बाप अन् ह्यांचा भाऊ एकच हाय.”

माणिकरावानं मुंजाजीकडं बघितलं, मग तिच्याकडं. आणि तो खदखदून हसला.

“अगं, मला राखणीला कुत्रं पाहिजे. कुत्र्याशी सोयरीक थोडीच करायचीय?”

मुंजाजीही हसला. गाडीवानही हसला. कमलबाईनं मात्र पिल्लू खाली ठेवलं आणि दुसरं उचललं. चांगलं तरतरीत, काळ्या टाळूचं. तेच घेऊन ती माणसं गेली. गाडी दृष्टीआड झाली तशी मुंजाजीनं म्हाळसाबाईच्या हातातली फुंकणी ओढून घेऊन तिच्याच पाठीत घातली. तिनंही चुलीतलं जळतं लाकूड उचललं. रायभान मधे पडला म्हणून त्या दिवशी पुढचं टळलं.

ते तरतरीत पिल्लू हुताशनीच्या आसपास परत आलं. माणिकरावाच्या गड्यानं पोत्यातून आणून मेंढरांच्या वाड्यासमोर सोडलं. त्याला झटके यायचे. धावता धावता कोलमडायचं, तोंडाला फेस यायचा, आणि उठलं की कुणालाही चावायचं. कमलबाईच्या सासूला चावलं होतं. गड्यानं निरोप दिला, “मालकानं सांगितलंय, औंदा मेंढरं आमच्या रानात आणू नका.”

मुंजाजी पिल्लाला पोत्यात घालून विहिरीकडं निघाला. म्हाळसाबाईनं वाट अडवली. पोतं ओढाताणीत फाटलं. पिल्लू तिच्याही हाताला चावलं, पण तिनं सोडलं नाही. ते पुढं पावसाळ्यात आपलं आपण मेलं. बहिरंही गेलं. पाय ओढणारं तेवढं राहिलं. नव्या तट्टावरच्या डालग्यात कोकरांबरोबर तिनं त्याला वागवलं.

“तुज्या जिभेनं झालं हे,” मुंजाजी म्हणायचा. “तू तोंड उघडलंस अन् त्येंच्या मनात भरलं.”

“झटका बी माज्याच जिभेनं आला का त्येला?”

त्या उन्हाळ्यात मेंढरं मिळेल त्या रानात बसवावी लागली. मुंजाजीला आता कुणी बाजेवर बसवेना. कुणीही असता तर शहाणा झाला असता. हा उलटा पेटला. एका वेतानं काय होतंय, पुढचं चांगलं होईल, म्हणाला. लोकांना दाखवून देईन म्हणाला. चांदीच्या पोटाकडं तो रोज बघायला लागला आणि ते बघणं म्हाळसाबाई बघायला लागली.

पुढं ती जे वागली त्याबद्दल धनगरांनी तिला कधी माफ केलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही ते बरोबर वाटत नाही. मुंजाजी आणि रायभान सेलूच्या बाजाराला गेलेले. वऱ्हाडाकडं निघालेला एक परका कळप शिवारातून चालला होता. म्हाळसाबाईनं वाघ्याचा काट्यांचा पट्टा काढला, साधं दावं गळ्यात घातलं आणि त्या धनगरांच्या हातात दिलं. बदल्यात काही घेतलं नाही. कुठं जाताय, तेही विचारलं नाही. विचारलं असतं तर कधीतरी तोंडून निघालं असतं. वाघ्या दावं ओढत मागं वळून बघत होता. त्याच्यावर तिचा राग नव्हता. तिनंच त्याला भाकरी चारून मोठा केला होता. पण तिनं पाठ फिरवली.

मुंजाजी परतला. कुत्रा दिसेना तेव्हा तो आधी ओढ्याकाठानं हाका मारत फिरला. मग तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

“वाघ्या कुटंय?”

“दिला.”

“कुणाला?”

“ठावं न्हाई.”

त्यानं काठीनं मारलं. हात दुखेपर्यंत मारलं. रायभाननं ओढून बाजूला नेलं तेव्हा तो मटकन खाली बसला आणि ढसाढसा रडायला लागला. बापाची आठवण होती ती, म्हणत होता. आख्ख्या कळपाचा आसरा होता. आणि ते खोटं नव्हतं. त्या थंडीत लांडगे मेंढरांभोवती लावलेली वाघुरीची जाळी तुडवून आत शिरले. म्हातारी चांदी एकटी किती पुरणार? सकाळी फाडलेली कोकरं म्हाळसाबाईनं एकटीनं गोळा केली. रायभाननं त्या दिवशी पहिल्यांदा तिला विचारलं, “वैनी, ही पाच-सात लेकरं बी कुणाचीतरी लेकरंच हुती का न्हाई?” तिनं पुढचं कोकरू उचललं.

मग पंच बसले. मुंजाजीनंच बसवले. वालूरच्या वेशीबाहेर लिंबाखाली सगळे वाडे जमले. सगळ्यांत म्हातारा बिरू, त्याचा शब्द मानायचे. तो म्हणाला, “म्हाळसा, नवऱ्याचं जनावर न इच्यारता दिलंस. गल्ती कबूल कर, पाया पड. मिटवू.”

“कुत्रा दिला ती गल्ती कबूल,” ती म्हणाली. “कोकरं मेली, ते बी माज्या माथ्यावर. पर पाया न्हाई पडायची. आदी ह्यांनी कबूल करावं.”

“त्येनं काय केलं? जनावराला नातं नसतं बाई.”

“त्येला नसतंय. बांधणाराला असतंय की! चांदीनं त्वांड फिरवलं. चावली. तरी ह्यांनी बांधली. अन् पिलं कशी निघाली ते तुमी सगळ्यांनी बगितलंय. पुन्यांदा बी तेच करणार हुते. मी काय करावं, सांगा. बोलून थकले, मार खाऊन थकले.”

लोक कुजबुजायला लागले. एका बाईनं होकारात मान हलवली. पंचांचं मन जरा हलतंय असं मुंजाजीला वाटलं असावं. तो ताडकन उठला. आवाज चिरकला होता.

“जवळच्यात केलं की असली औलाद निघती, आसंच म्हनायचंय ना तुला? मग कुत्र्यावर कामून ढकलायलीस? तू कोन हायस माजी? मामाचीच पोरगी ना? आपली तिनी लेकरं कशानं गेली, ते बी सांग की चारचौघांत!”

जमलेल्यांत मामाची पोरगी केलेले निम्म्याहून जास्त होते. बिरू स्वतः त्यातलाच. बायकांनी खाली बघितलं. हे म्हाळसाबाईच्या मनात आधीपासून होतं की त्यानं बोलल्यावर आलं, ते कुणालाच कळलं नाही. ती मुंजाजीकडं बघत राहिली. त्याला आपण काय बोललो ते कळलं होतं, पण शब्द निघून गेला होता.

ती म्हणाली, “त्या पोराला मांडीवर तुमी बी घेतलं हुतं.” एवढंच. आणि उठून चालायला लागली. पंचांनी हाक मारली, थांबली नाही.

सगळ्यांना वाटलं, आता गंगाखेडला माहेरी जाईल. ती गेली नाही. कळपातली मेंढरं तिनं आपल्या हातानं वाढवलेली, ती कशाला सोडेल? वाड्यावर येऊन तिनं तीन दगड उचलले, कळपाच्या दुसऱ्या टोकाला मांडले आणि आपली भाकरी तिथं थापली. त्या दिवसापासून मुंजाजीनं रांधलेलं तिनं खाल्लं नाही आणि तिचं त्याला दिलं नाही. रायभान बिचारा दोन्हीकडं जेवायचा. मेंढरं हलली की मुंजाजी पुढं, ती मागं. वाघूर लावताना एक टोक तो धरायचा, दुसरं ती, आणि बोलायचं असेल ते रायभानमार्फत. तो जवळ नसेल तर मेंढरांना सांगायचं. अशीही काही वर्षं जातात. आपला मुलूख मुंबई राज्याला जोडला गेला, तलाठी बदलले. यांचं काही बदललं नाही.

चांदी म्हाळसाबाईच्या चुलीपाशी राहिली. माजावर आली की बाई घोंगडी टाकून तिच्यासमोर बसायची, कुठलाच कुत्रा जवळ येऊ द्यायची नाही. ‘नसल बुडवली,’ लोक म्हणायचे. ते खरंच होतं. बाहेरचा कुत्रा दाखवून एक वेत घेतलं असतं तरी चाललं असतं, असं रायभान म्हणायचा. म्हाळसाबाई ऐकायची नाही. लय व्याली, बास झालं, म्हणायची. मुंजाजी दोन उन्हाळे वऱ्हाडात वाघ्याला शोधत फिरला आणि हात हलवत परत आला. दुसऱ्या खेपेला परतला तेव्हा चांदी मेली होती. तिला कुठं पुरली ते त्यानं रायभानला विचारलं, आणि रायभाननं सांगितलं नाही, कारण म्हाळसाबाईनं त्यालाही सांगितलं नव्हतं.

कुत्र्यांविना कळप किती दिवस चालणार? एका दिवाळीनंतर मुंजाजी कुठंसा गेला आणि घोंगडीच्या खोळीत एक पिल्लू घेऊन आला. तांबूस रंगाची, आखूड तोंडाची कुत्री. देखणी अजिबात नाही. त्यानं ती म्हाळसाबाईच्या चुलीपासून जरा लांब सोडली आणि मोठ्यानं म्हणाला, “रायभान, सांग तुज्या वैनीला, हिची आय गंगाखेडच्या कळपातली हाय. बाप सोनपेठचा. नात्यात न्हाईत. आयनं ह्याआदी एकच वेत दिलंय.”

रायभाननं सांगायला तोंड उघडलं तोवर तिकडून उत्तर आलं.

“सांग तुज्या भावाला, त्येनं म्हटलं म्हंजी खरं हाय का?”

दुसऱ्या दिवशी तिनं मेंढरं रायभानच्या हवाली केली आणि पायी गंगाखेडची वाट धरली. गोदेकाठच्या त्या कळपात जाऊन पिल्लाच्या आईला स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. तिथल्या धनगरणीशी भांडलीही म्हणे, कुत्रीला नीट खायला घालत नाहीस म्हणून. तिथून सोनपेठला जाऊन कुत्रा बघितला. पाय सुजवून परत आली.

मुंजाजी वाघूर सोडत होता. तिनं त्याच्याकडं न बघताच सांगितलं, “खरं हाय.”

त्यानं मान हलवली. पिल्लू तिनं उचललं, आपल्या चुलीपाशी नेलं, आणि शेळीच्या दुधात भाकरी कुस्करून पुढं ठेवली. कुणाला वाटलं असेल की आता या दोघांचं जुळलं, तर तसं काही झालं नाही. त्या संध्याकाळीही दोन्हीकडून धूर निघाला. रायभानचं मधल्या काळात लग्न झालं होतं; त्याची बायको हळूच म्हणाली, “जाऊबाई, आज तरी तिकडं ताट द्या की.” तर तिनं तिलाच झापलं.

ती तांबूस कुत्री वाढली. पहिल्यांदा माजावर आली तेव्हा म्हाळसाबाईनं तिला आपल्या बाजेला बांधलं आणि काठी आडवी घेऊन शेजारी बसली. लहान हाय अजून, पुढच्या खेपंला बगू, असं ती रायभानला सांगत होती. तेवढ्यात मुंजाजी पाण्याचं भांडं घेऊन त्या बाजूनं आला. तिनं काठी उचलली नाही, पण मुठीतली सोडलीही नाही. तो क्षणभर थांबला. मग वळला आणि आख्ख्या कळपाला वळसा घालून पलीकडच्या अंगानं पाण्याला गेला.